जुन्या मोटरयॉटच्या पोटातील गंज

हाँगकाँगच्या गोदीत १९६०च्या दशकात बांधलेली एखादी मोटरयॉट आज अमेरिकेच्या किनाऱ्यावर विक्रीस निघते, तेव्हा जाणकार गिऱ्हाईक तिच्या सागवानी डेकचे कौतुक करीत बसत नाही. तो थेट इंजिनरूममध्ये उतरतो, गुडघे टेकतो आणि विजेरीच्या उजेडात इंधनाच्या टाक्यांची खालची कड न्याहाळू लागतो. रंगाचे फुगलेले पापुद्रे, तपकिरी ओघळ, डिझेलचा वास यांपैकी काहीही आढळले तरी सौद्याचा सूर बदलतो. इंजिन उघडून दुरुस्त करता येते, खिडक्या बदलता येतात, रंग नव्याने देता येतो. टाकी मात्र अशा जागी बसवलेली असते, की तिला हात घालायचा म्हणजे निम्मी नौका उसवावी लागते. जुन्या यॉटच्या जीर्णोद्धारातील सर्वांत खर्चिक, सर्वांत कष्टाचे आणि पूर्ण झाल्यावर कोणाच्याही दृष्टीस न पडणारे काम ते हेच.

ज्या नौकांच्या बाबतीत हा प्रश्न प्रकर्षाने उभा राहतो, त्यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी. रॉबर्ट न्यूटन यांच्या ‘अमेरिकन मरीन’ या हाँगकाँगमधील गोदीसाठी केनेथ स्मिथ या नौकारचनाकाराने १९६२च्या सुमारास ‘स्प्रे’ नावाची नौका आखली. तिच्यातून पुढे ‘ग्रँड बँक्स’ ही मालिका जन्मली. मासेमारी नौकेसारखे उंच नाक, मजबूत बांधणी, मंद पण दमदार चाल आणि आत एखाद्या कुटुंबाला आठवडाभर राहता येईल अशी सोय, असे हे रूप होते. मासे पकडण्याशी काही संबंध नसतानाही अशा नौकांना ‘ट्रॉलर’ हे नाव पडले ते कायमचे. १९७३पर्यंत त्या लाकडात बांधल्या जात; त्यानंतर फायबरग्लास आले. हे रूप इतके लोकप्रिय झाले की पुढे तैवानमधील अनेक गोद्यांनी त्याच धर्तीच्या नौका बांधून अमेरिकेला पाठवल्या. फोर्डच्या ब्रिटिश बनावटीच्या डिझेल इंजिनवर आधारलेले, १२० अश्वशक्तीचे ‘लेहमन’ इंजिन त्यांपैकी कित्येकांत एक किंवा दोनच्या संख्येने बसवलेले असे. ताशी सात-आठ सागरी मैल हा त्यांचा वेग. घाई नसलेल्या माणसांसाठीच त्या बांधलेल्या होत्या. पण पल्ला मोठा हवा, म्हणून पोटात इंधन भरपूर. ३६ फुटी नौकेत सुमारे १५०० लिटर, ४२ फुटी नौकेत सुमारे २२०० लिटर.

एवढे इंधन ठेवायचे कोठे? इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, नौकेच्या बाह्य कवचाला लागून. घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना पडशा लटकाव्यात तशा या दोन टाक्या. समतोलाच्या दृष्टीने ही जागा उत्तमच होती. अडचण एवढीच की गोदीत आधी टाक्या बसत, मग इंजिने उतरत आणि त्यानंतर वर डेक व केबिन चढे. म्हणजे नौका टाकीभोवती बांधली जाई. चाळीस वर्षांनी ही टाकी पुन्हा बाहेर काढावी लागेल, हा विचार बांधणाऱ्याच्या मनात नसावा. आणि तो नव्हता म्हणून त्याला दोष देणेही फारसे न्याय्य नाही. एवढी वर्षे या नौका टिकतील असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते.

काळे लोखंड

या टाक्यांच्या धातूला अमेरिकी कारागीर ‘काळे लोखंड’ म्हणतात. प्रत्यक्षात ते साधे सौम्य पोलाद असते. कारखान्यातील लाटणीत पत्र्यावर बसणारा ऑक्साईडचा काळसर थर तसाच राहिलेला असतो, त्यावरून हे नाव. डिझेलसाठी हा धातू मुळीच वाईट नाही. डिझेल तेलकट असल्याने आतील पृष्ठभागाचे ते आपणहून रक्षण करते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला असता तर गंज लांबला असता, असे सकृद्दर्शनी वाटते. पण डिझेलमधील आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व इंजेक्टर यांत जाऊन बसतो. तांब्याचेही तेच, त्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर बिघडते. तेव्हा स्वस्त, वेल्डिंगला सोपे आणि डिझेलशी जुळवून घेणारे पोलाद निवडण्यात गोद्यांची चूक नव्हती.

चूक होती ती बाहेरच्या बाजूची. अनेक टाक्यांना बाहेरून रंगाचा एखादा पातळ हात देऊन त्या लाकडी किंवा प्लायवुडच्या आधारांवर ठेवल्या गेल्या. वर होता सागवानी फळ्यांचा डेक. या फळ्या शेकडो स्क्रूंनी खालच्या थराला जखडलेल्या असत आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची छोटी गुडदी बसवलेली असे. उन्हापावसाने आणि दरवर्षीच्या घासकामाने फळी झिजते, गुडदी सुटते, स्क्रूभोवतालचे लुकण कोरडे पडते आणि पाण्याला वाट मिळते. यात सागवानाचा दोष नाही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दोष आहे तो सागवानाखाली पडणाऱ्या त्या शेकडो भोकांचा.

त्या भोकांतून झिरपणारे पाणी पडते ते नेमके टाकीच्या माथ्यावर. माथा सपाट असतो. पाणी ओघळून जात नाही, तेथेच साचते. ते सुकले की मीठ उरते, पुन्हा भिजले की गंज एक पाऊल पुढे सरकतो. इंधन भरण्याची नळीही डेकच्या कडेलाच असते आणि तिच्या तोंडाभोवतीचे लुकण सुटले की त्या वाटेनेही खारे पाणी थेट टाकीवर उतरते. तळाची अवस्था याहून वाईट. ओल्या लाकडावर टेकलेला पत्रा कधीच कोरडा होत नाही, आणि तो दिसतही नाही. टाकीचा पत्रा वापराने झिजून जातो असे क्वचितच घडते. तो भिजून कुजतो. म्हणूनच डेकची गळती न थांबवता नवी टाकी बसवणे म्हणजे छप्पर न शाकारता घरात नवे फर्निचर आणण्यासारखे आहे. तरीही हा क्रम उलटा करणारे मालक कमी नाहीत.

आतला शत्रू

आतूनही गंज चढतो, पण तो पाण्यामुळे, डिझेलमुळे नव्हे. भरण्याच्या तोंडाचे रबरी कडे झिजले की पावसाचे आणि लाटांचे पाणी आत जाते. हवेतील बाष्पाचीही थोडी भर पडते. डिझेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पाणी तळाशी बसते. डिझेल आणि पाणी यांच्या सीमारेषेवर सूक्ष्मजीवांची वसाहत उभी राहते. आज ‘अमॉर्फोथेका रेझिनी’ या नावाने ओळखली जाणारी बुरशी त्यांत प्रमुख आहे. विमानांच्या केरोसीनच्या टाक्यांतही तिने पूर्वीच उपद्रव दिलेला आहे. ती खाते इंधन आणि राहते पाण्यात. तिच्या मृत थरांचा काळा, बुळबुळीत गाळ तळाशी साचतो. त्या गाळाखाली प्राणवायू पोहोचत नाही आणि मग सल्फेटवर जगणारे जीवाणू तेथे पोलादाला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पाडू लागतात. जैवडिझेल मिसळलेले इंधन अधिक पाणी धरून ठेवते, त्यामुळे अलीकडच्या काळात या वसाहतींना पोषक वातावरणच मिळाले आहे.

नौका धक्क्याला बांधलेली असते तोवर हा गाळ तळाशी स्वस्थ पडून राहतो. खरी परीक्षा होते ती खाडीच्या मुखाशी. लाटा उसळत आहेत, वारा आडवा आहे, नौका डोलते आहे. त्या हेलकाव्यांनी वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून निघतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिनाची सर्वाधिक गरज असते त्याच घटकेला ते बंद पडते. खडकाळ किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडलेली, वीस टनांकडे झुकणारी नौका सावरायला हाती फारसा वेळ उरत नाही. टाकीच्या दुखण्याकडे केवळ घाण किंवा गळती म्हणून पाहता येत नाही, ते यासाठी.

गळतीचे परिणामही लहान नाहीत. टाकीतून ठिबकलेले डिझेल नौकेच्या तळाशी, बिल्जमध्ये उतरते. तेथील स्वयंचलित पंपाला पाणी आणि डिझेल यांतील फरक कळत नाही. मालक घरी झोपलेला असताना हा पंप रात्रभर बंदरात डिझेल ओतत राहतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, एवढेही गुन्ह्याला पुरेसे असते. मग तेल लिटरभर असो वा पेलाभर. तेल टाकण्यास मनाई असल्याची पाटी २६ फूट वा त्याहून लांब नौकांच्या इंजिनरूममध्ये लावणे तेथे बंधनकारक आहे. ही पाटी आणि गळकी टाकी एकाच भिंतीशी शेजारी नांदताना अनेक नौकांत दिसतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या यॉटचा विचार वेगळाच करायला हवा. १९५०-६०च्या दशकांतील महोगनीच्या देखण्या अमेरिकी मोटरनौका बहुतांशी पेट्रोलच्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साचते आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी स्फोटाला एक ठिणगी पुरते. डिझेलची टाकी किंचित पाझरत असेल तर मोसम संपेपर्यंत थांबण्याचा मोह समजू शकतो. पेट्रोलच्या टाकीबाबत तो मोह प्राणघातक ठरतो. त्या काळी सर्रास वापरला जाणारा शिसे-कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा पेट्रोलच्या टाक्यांसाठी अमेरिकेच्या आजच्या नियमांत निषिद्ध आहे आणि आतून-बाहेरून संरक्षक मुलामा नसलेले साधे पोलादही चालत नाही. धनिकांच्या यॉटमध्ये निकेल आणि तांबे यांच्या ‘मोनेल’ या मिश्रधातूच्या टाक्या असत. अशी टाकी शाबूत सापडली तर ती काढून फेकण्याचा अविचार करू नये. तीच साफ करून, तपासून पुन्हा वापरण्यात शहाणपण असते.

निदान

दोन मीटर पाण्याच्या नळीने टाकीचे खरे रूप उघड होते. पेट्रोलच्या टाक्यांसाठी अमेरिकी नियमांनी सांगितलेला चाचणीचा किमान दाब दर चौरस इंचाला तीन पौंड आहे; डिझेलच्या टाकीलाही कारागीर हेच माप लावतात. तो दाब म्हणजे सुमारे २.१ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. आकडा किरकोळ वाटतो. पण टाकीच्या एक चौरस मीटर पत्र्यावर त्याचा एकूण भार दोन टनांहून अधिक होतो. गॅरेजमधील कॉम्प्रेसर थेट जोडून ‘जरा हवा भरून पाहू’ म्हणणाऱ्यांनी चांगल्या टाक्याही फुगवून फोडल्या आहेत. हातपंप, अचूक दाबमापक आणि साबणाचे पाणी एवढ्यावर ही चाचणी होते. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या मापकाने मोजता येते. मात्र मापक पोहोचतो तेथे गंज नसतो आणि गंज असतो तेथे मापक पोहोचत नाही, असा अनुभव वारंवार येतो.

टाकीचा वरचा भागच तेवढा कुजला असेल, तर ती बाहेर न काढता माथ्यावर नवा पत्रा बसवता येतो. तळाला भोके असतील तर मात्र ठिगळांचा उपयोग नाही. आतून रसायन फिरवून अस्तर चढवण्याचा उपायही सुचवला जातो. ज्या पृष्ठभागावर चाळीस वर्षांचा तेलकट थर आहे आणि ज्याच्या आडपडद्यांमागे ब्रशही जात नाही, तेथे अस्तर धरणार कसे? पुढे त्याचेच पापुद्रे सुटून नळीच्या तोंडाशी अडकतात. जुन्या टाकीचा माथा कापून आत रबरी पिशवी बसवणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक पर्याय. पण पिशवीला इंधन कमी मावते आणि आतील कडा घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर तीही फाटते.

बाहेर काढावी कशी

टाकी बदलायचीच ठरले, तर ती बाहेर काढण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट इंजिन काढण्याची. दिवाणखान्याची जमीन उचलायची, साखळीच्या कप्पीवर अर्ध्या टनाहून जड इंजिन तोलून दारातून बाहेर न्यायचे, मग टाकी मधल्या मोकळ्या जागेत ओढून तशीच न्यायची. इंजिनही दुरुस्तीला आलेले असेल तर ही वाट योग्य. दुसरी वाट सामान्य माणसाला धडकी भरवणारी आहे: नौकेच्या कुशीलाच खिडकी कापायची आणि टाकी बाजूने बाहेर काढायची. फायबरग्लासच्या नौकेत हे वाटते तितके भयंकर नाही. कापलेला तुकडा परत बसवताना कडा जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरत्या तासायच्या, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीला साधारण साडेचौदा सेंटिमीटर, आणि त्यावर थरावर थर चढवायचे. निष्णात हातांनी केलेला असा सांधा मूळ कवचाइतका भक्कम होतो. लाकडी नौकेत तर बाजूच्या फळ्या सोडवून पुन्हा बसवता येतात. नौकाबांधणीच्या परंपरेत फळी बदलणे ही नित्याची गोष्ट आहे.

तिसरी आणि सर्वाधिक वापरली जाणारी वाट म्हणजे टाकी जागच्या जागी कापून तुकड्यातुकड्यांनी काढणे. यातला धोका नीट समजून घ्यायला हवा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. रिकामीत मात्र हवा आणि वाफ यांचे मिश्रण तयार असते. अमेरिकेत विकले जाणारे डिझेल साधारण ५२ अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही, या भरवशावर गॅसकटर लावणारे विसरतात की ज्योतीखालचा पत्रा काही सेकंदांत त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवणींत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली दडलेले डिझेल तेवढ्याने उकळू लागते. म्हणून टाकी रिकामी करून धुवायची, पंख्याने हवा खेळती ठेवायची, वायुमापकाने आतली हवा तपासायची आणि मगच, तेही ठिणगी न उडवणाऱ्या संथ करवतीने, कापायला लागायचे. अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर गरम कामापूर्वी ‘गॅस फ्री’ दाखला मागितला जातो. अमेरिकेत हे काम ‘मरीन केमिस्ट’ म्हणून मान्यता असलेले तज्ज्ञ करतात. यॉट लहान आहे म्हणून वाफेचे नियम लहान होत नाहीत. टाकीत डोके घालणाऱ्यासाठी प्राणवायूही मोजावा लागतो: गंजणारे लोखंड बंद जागेतील प्राणवायू गिळत असते, ही गोष्ट अनेकांच्या गावीही नसते.

टाकी निघाली की तिच्यामागची नौका चाळीस-पन्नास वर्षांत प्रथमच उजेड पाहते. कवचाची आतली बाजू, फासळ्या, समुद्राच्या पाण्याच्या नळ्या, विजेच्या तारा हे सारे हाताशी येते. अनुभवी कारागीर या टप्प्यावर घाई करीत नाहीत. धुणे, वाळवणे, कुजलेला आधार बदलणे, पांढरा रंग देणे आणि जुन्या तारा काढून टाकणे याला आठवडा लागला तरी चालेल; ही संधी पुन्हा येणार नसते.

नवी टाकी

नवी टाकी जुनीसारखी एकसंध करण्याचा हट्ट सोडावा लागतो. जेथून जुनी तुकड्यांत बाहेर आली, तेथून नवी एकसंध आत जाणार नाही. एका मोठ्या टाकीच्या जागी दोन किंवा तीन लहान टाक्या येतात. त्यांची मापे ठरवण्याची पद्धत साधी आहे. पातळ प्लायवुडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या पोकळ प्रतिकृती करायच्या आणि त्या दारातून, जिन्याच्या वळणावरून, इंजिनाच्या बाजूने प्रत्यक्ष जागेवर नेऊन पाहायच्या. कागदावर बसणारी टाकी जिन्यात अडकते, हा शोध पुठ्ठ्यावर लागलेला बरा.

यात क्षमता थोडी घटते. वर्षातून दोन-तीन आठवडे फिरणाऱ्या मालकाला त्याने काही फरक पडत नाही. उलट वर्षानुवर्षे साठवून बिघडणारे इंधन कमी होते. मात्र वजनाचे भान हवे. १५०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास पावणेतेरा क्विंटल. रचनाकाराने ही नौका तेवढे वजन पोटात धरून आखलेली असते. ते निम्मे केले की नौका पाण्यावर उंच तरंगते आणि तिचे डोलणे बदलते. म्हणून उरलेल्या जागेत पाण्याची टाकी किंवा बॅटऱ्या हलवण्याचा विचार त्याच वेळी झाला पाहिजे.

धातू कोणता, यावर यॉटवाल्यांच्या बैठका रंगतात. सर्वाधिक पसंती अॅल्युमिनियमला, तेही मॅग्नेशियम मिसळलेल्या ५०५२, ५०८३ किंवा ५०८६ या सागरी जातींना. नियमाने सव्वादोन मिलिमीटरच्या आसपासची जाडी चालते. चांगले कारागीर पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी घेत नाहीत. अॅल्युमिनियम स्वतःभोवती ऑक्साईडचे कवच तयार करते आणि ते टिकण्यासाठी त्याला हवा लागते. ओल्या लाकडावर, गालिच्यावर किंवा फोममध्ये पुरलेली अॅल्युमिनियमची टाकी काही वर्षांत चाळणीसारखी होते. पितळ किंवा ब्राँझचे जोड तिला थेट लावणेही वर्ज्य. मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घालावा लागतो. स्टेनलेस स्टील नावाप्रमाणे निष्कलंक असेल, ही समजूत समुद्रात खरी ठरत नाही. हवा न पोहोचणाऱ्या फटीत, विशेषतः वेल्डिंगच्या शिवणीलगत, खाऱ्या पाण्याने त्याला खोल खड्डे पडतात. फायबरग्लासच्या टाक्या डिझेलसाठी उत्कृष्ट आहेत. पेट्रोलच्या बाबतीत मात्र अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर २००४नंतर वेगळाच प्रकार झाला. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागताच जुन्या फायबरग्लास टाक्यांतील राळ विरघळू लागली आणि काळ्या चिखलासारखी इंजिनाच्या झडपांवर जाऊन बसली. पॉलिइथिलीनच्या तयार टाक्या स्वस्त आणि गंजमुक्त असतात. परंतु इंधन भरल्यावर त्या किंचित फुगतात, त्यासाठी भोवती जागा सोडावी लागते, आणि त्यांचे आकार ठरावीक असतात.

आणि पोलाद? बदनाम झालेले हे काळे लोखंड डिझेलसाठी आजही चुकीचे नाही. ज्या टाकीने पाण्याखाली भिजत राहूनही तीस-चाळीस वर्षे काढली, तीच जाड पत्र्याची, बाहेरून इपॉक्सीचे दोन-तीन हात दिलेली आणि वरून पाणी न पडणारी असती, तर मालकाच्या हयातीत पुन्हा तिच्याकडे पाहावे लागले नसते. खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो, धातूचा नव्हे. त्यामुळे महागडा धातू घेऊन बसवण्यात काटकसर करण्यापेक्षा साधा धातू घेऊन बसवण्यावर लक्ष देणे अधिक श्रेयस्कर.

बसवण्याच्या कलेची कसोटी कोरडेपणात आहे. पाणी ओघळून जावे म्हणून माथ्याला किंचित उतार हवा. टाकी लाकडावर थेट न टेकवता पाणी न शोषणाऱ्या पट्ट्यांवर बसवायची. या पट्ट्या टाकीला अशा चिकटवायच्या की मध्ये पाण्याचा थेंब शिरणार नाही. सर्व बाजूंनी बोटे जातील एवढी हवेची जागा सोडायची. आत आडपडदे हवेत, नाही तर अर्ध्या भरलेल्या टाकीतील इंधन हेलकाव्याबरोबर एका बाजूला धावून नौकेचा तोल बिघडवते. दोन पडद्यांमधील प्रत्येक कप्प्यावर हात जाईल असे झाकण हवे. जुन्या टाक्यांत नेमके हेच नव्हते आणि म्हणून त्यांचा गाळ कधी निघाला नाही. तळाला एक लहानसा खोलगट खड्डा ठेवला तर पाणी तेथे जमते आणि दर मोसमात पंपाने उपसता येते.

नळ्यांकडेही तेवढेच लक्ष हवे. अमेरिकी मानकांतील ‘ए-१’ वर्गाची रबरी नळी आगीत अडीच मिनिटे तग धरते. ही अडीच मिनिटे अग्निशामक हाती घेण्यासाठी असतात. भरण्याच्या नळीचा आतील व्यास किमान ३८ मिलिमीटर आणि हवा जाण्याच्या नळीचा १४ मिलिमीटर असावा, नाही तर भरताना इंधन उलट उसळून डेकवर सांडते. भरण्याचे तोंड आणि धातूची टाकी तारेने जोडलेली असावीत, म्हणजे घर्षणाने निर्माण झालेल्या विजेची ठिणगी पडत नाही. एकाची तीन टाक्या झाल्यावर आणखी एक मेख असते. डिझेल इंजिन ओढलेल्या इंधनापैकी काही भाग परत पाठवते. एका टाकीतून ओढायचे आणि परतीचे इंधन मात्र दुसऱ्या, आधीच भरलेल्या टाकीत सोडायचे, अशी झडपांची रचना अनवधानाने झाली, तर दुसरी टाकी हवेच्या नळीतून समुद्रात वाहू लागते. ओढण्याच्या आणि परतीच्या झडपा म्हणूनच जोडीने फिराव्यात, आणि प्रत्येकीवर ठळक खूण असावी.

टाकीचे काम चालू असतानाच डेकचा निकाल लावावा लागतो. काही मालक सागवान काढून टाकतात, स्क्रूंची भोके इपॉक्सीने बुजवतात आणि वर साधा खडबडीत रंग देतात. परंपरेच्या अभिमान्यांना हे रुचत नाही. त्यांच्यासाठी स्क्रूविना, केवळ चिकटद्रव्याने बसवलेल्या पातळ सागवानी फळ्यांचा मार्ग आहे. दिसायला तेच, पण खाली भोके नाहीत. सागवान ठेवायचे की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. पण भरण्याचे तोंड उचलून नव्या लुकणावर बसवणे आणि त्याचे रबरी कडे बदलणे यात आवडीनिवडीला जागा नाही.

पहिल्यांदा इंधन भरताना टाकी एकदम भरत नाहीत. एक चतुर्थांश भरायची, प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद ठेवायचा आणि रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी कागद कोरडे निघाले तर पुन्हा चतुर्थांश. भरताना पंपाचा आकडा पाहून दर पन्नास लिटरला लाकडी पट्टी टाकीत बुडवायची आणि ओल्या रेषेवर कोरून खूण करायची. नव्या टाकीचा आकार जुनीसारखा नसतो, निम्म्या उंचीवर निम्मे इंधन असेलच असे नाही, आणि जुना काटा आता खोटे सांगतो. या खुणा झालेली पट्टी इंजिनरूमच्या दाराशी, हात पोहोचेल अशा खिळ्यावर टांगून ठेवतात.